कर्नल संतोष महाडिक : पोगरवाडी ते कुपवाडा

कर्नल संतोष महाडिक (१५ जानेवारी १९७७ – १७ नोव्हेंबर २०१५) हे भारतीय लष्कराच्या २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) या कमांडो पलटणीचे अधिकारी. काश्मीरमधील कुपवाडा जिल्ह्यात ४१ राष्ट्रीय रायफल्स या बटालियनचे कमांडिंग ऑफिसर असताना, घुसखोर अतिरेक्यांचा माग काढणाऱ्या तुकडीच्या पुढे राहून लढताना त्यांना वीरमरण आले. २००३ मध्ये ईशान्य भारतातील कामगिरीसाठी सेना मेडल आणि २०१६ मध्ये मरणोत्तर शौर्यचक्र, असे शौर्याचे दोन सन्मान त्यांना मिळाले. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

सातारा तालुक्यातले पोगरवाडी हे त्यांचे गाव. ते जन्माने घोरपडे. आजोळी दत्तक गेल्यामुळे महाडिक झाले. गाव डोंगराच्या कडेचे, जमीन थोडी, घरे शेतकऱ्यांची. अशा गावातून लष्करात जाणे ही सातारा-सांगलीकडे नवलाची गोष्ट नाही. नवल असलेच तर अधिकारी होऊन जाण्याचे. या भागाने पिढ्यानपिढ्या शिपाई, नाईक, हवालदार आणि सुभेदार दिले. खेड्यातल्या मुलाला अधिकाऱ्याच्या पदापर्यंत नेणारी वाट मात्र स्वातंत्र्यानंतर, आणि तीही मुद्दाम तयार करावी लागली. महाडिक यांचे आयुष्य त्या वाटेवरून गेले. म्हणून त्यांची कारकीर्द समजून घेताना आधी या मुलखाकडे पाहावे लागते.

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी फौजेच्या दृष्टीने तो एकच पट्टा आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडच्या भागाला ‘दक्षिण सातारा’ म्हणत आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. पश्चिमेला सह्याद्रीच्या उतारावर पाऊस भरपूर, पण शेताचे तुकडे लहान. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेचा प्रदेश; तिथे दुष्काळ दर काही वर्षांनी ठरलेला. घरातल्या एका मुलाने शेती पाहावी आणि दुसऱ्याने पलटणीत जावे, हा या भागातला जुना संसाराचा हिशेब आहे. शौर्याची परंपरा खरीच, पण त्या परंपरेला कोरडवाहू जमिनीचाही आधार होता. दरमहा घरी येणाऱ्या मनिऑर्डरीवर विहिरी खणल्या गेल्या, बहिणींची लग्ने झाली, धाकट्यांची शिक्षणे झाली.

या परंपरेची खूण सातारा तालुक्यातच एका गावाच्या नावात राहिली आहे. अपशिंगे हे गाव सरकारदरबारी आणि लोकांच्या तोंडीही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जण कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावाला स्मृतिफलक दिला. त्या युद्धात मराठा पलटणींचा मोठा भाग आजच्या इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, सहाव्या पुणे डिव्हिजनमधून लढत होता. १९१५ च्या डिसेंबरपासून कुट येथे त्या सैन्याला तुर्कांचा वेढा पडला आणि एप्रिल १९१६ च्या अखेरीस उपासमारीने थकलेल्या सैन्याला शस्त्रे खाली ठेवावी लागली. कृष्णाकाठची माणसे तैग्रिस नदीकाठी भुकेने, तापाने आणि गोळ्यांनी गेली. घरच्यांना त्या ठिकाणांची नावेही नीट उच्चारता येत नव्हती.

सांगलीच्या बाजूलाही अशी नावे आहेत. तासगाव तालुक्यातील मणेराजुरीचे शिपाई पांडुरंग साळुंखे हे १५ मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान. डिसेंबर १९७१ च्या युद्धात पंजाब सीमेवर बुर्ज येथील लढाईत शत्रूच्या रॉकेट लाँचरचा मारा आपल्या साथीदारांवर होत होता. साळुंखे यांनी त्या माऱ्यावर चाल केली, लाँचर हिसकावून घेतला आणि प्राण गमावले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. परमवीर चक्रानंतरचा, युद्धकाळातला हा दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान आहे.

साळुंखे जवान होते. अपशिंग्याच्या त्या ४६ जणांतलीही बहुतेक नावे साध्या शिपायांची. अधिकारी होण्यासाठी लागणारे इंग्रजी शिक्षण, मुलाखतीची तयारी आणि एकूण मोकळेपणा शहरातल्या, सुस्थितीतल्या घरांना मिळे. ही दरी भरून काढण्यासाठी सैनिक स्कूल ही कल्पना पुढे आली. तत्कालीन संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्या काळात ती प्रत्यक्षात आली आणि देशातले पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी सातारा येथे सुरू झाले. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे, तर त्यांची कर्मभूमी कऱ्हाड सातारा जिल्ह्यात. पुढच्याच वर्षी, चीनच्या आक्रमणानंतर, ते स्वतः देशाचे संरक्षणमंत्री झाले. पहिल्या सैनिक स्कूलसाठी साताऱ्यापेक्षा रास्त निवड झाली नसती.

या शाळेचे काम साधे आणि नेमके आहे. दहा-अकरा वर्षांचा मुलगा स्पर्धा परीक्षा देऊन सहावीत येतो आणि वसतिगृहात राहतो. पहाटे कवायत, दिवसभर वर्ग, संध्याकाळी मैदान, रात्री अभ्यास, असा त्याचा दिवस. स्वतःचा बिछाना आणि स्वतःचे बूट स्वतः नीट ठेवायचे. शेतकऱ्याचा मुलगा आणि वकिलाचा मुलगा एकाच रांगेत ताट घेऊन उभे राहतात. बारावीपर्यंत त्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी आणि त्यानंतरच्या सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी तयार करायचे, हा शाळेचा मूळ हेतू. ही मुलाखत पाच दिवस चालते. तिच्यात लेखी उत्तरांबरोबरच गटात काम कसे करता, अडथळा आला की काय करता, दुसऱ्याचे ऐकता की नाही, हे तपासले जाते. घोकंपट्टीने ती पार होत नाही; सात वर्षांच्या सामूहिक जगण्याचा उपयोग तिथे होतो.

संतोष महाडिक या शाळेचे विद्यार्थी. मैदानावर त्यांचे मन रमे. फुटबॉलमध्ये ते गोलरक्षक होते, मुष्टियुद्धात त्यांनी नाव काढले आणि घोडेस्वारीत ते तरबेज होते. गोलरक्षकाची जागा एकट्याची असते. बाकीचे दहा जण चुकले तरी सावरता येते, त्याची चूक थेट गोल होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी निवडलेल्या कामाचा स्वभावही असाच होता, हे त्यांची कारकीर्द पाहताना जाणवते.

१९९८ मध्ये ते लष्करात अधिकारी झाले आणि २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) या पलटणीत दाखल झाले. या पलटणीचे मूळ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे. १९८० च्या दशकात २१ मराठा लाइट इन्फंट्री म्हणून ती उभी राहिली आणि १९९६ मध्ये तिचे कमांडो पलटणीत रूपांतर झाले. ‘वाघनखं’ हे तिचे टोपणनाव त्या मराठा मुळाची आठवण ठेवते. मराठा लाइट इन्फंट्री ही भारतीय लष्करातल्या सर्वांत जुन्या रेजिमेंटांपैकी एक. तिची मुळे १७६८ पर्यंत जातात. बेळगाव हे तिचे केंद्र, आणि ४ फेब्रुवारी हा तिचा ‘मराठा दिन’. १६७० मध्ये याच दिवशी सिंहगड सर झाला. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची रणगर्जना.

स्पेशल फोर्सेसमध्ये कोणाचीही थेट नेमणूक होत नाही. जवान असो वा अधिकारी, त्याला स्वतःहून यावे लागते आणि प्रोबेशनचा कठोर काळ पार करावा लागतो. झोप तोडली जाते, पाठीवर वजन घेऊन लांबचे अंतर ठरावीक वेळेत कापावे लागते, थकून गेल्यावर नकाशा वाचावा लागतो, निर्णय घ्यावा लागतो. या काळात अधिकाऱ्याला हुद्द्याची सवलत नसते. उलट त्याच्याकडून जास्त मागितले जाते, कारण पुढे हीच माणसे त्याच्या शब्दावर अंधारात पाऊल टाकणार असतात. बरेच जण मधेच परत जातात आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. टिकतात त्यांना विमानातून उडी मारण्याचे शिक्षण आग्रा येथे मिळते, लालसर तपकिरी ‘मरून’ टोपी मिळते आणि छातीवर लावायचे ‘बलिदान’ हे चिन्ह मिळते. सैनिक ते चिन्ह शोभेसाठी लावत नाहीत. त्या शब्दाचा अर्थ काय, हे त्यांना आधीच सांगितलेले असते.

महाडिक यांच्या कमांडो आयुष्याचा पहिला मोठा टप्पा ईशान्य भारतात गेला. आसाममध्ये उल्फा या सशस्त्र संघटनेविरुद्ध लष्कराने १९९१ मध्ये ‘ऑपरेशन ऱ्हायनो’ सुरू केले होते आणि ही मोहीम वेगवेगळ्या टप्प्यांत पुढे अनेक वर्षे चालू राहिली. मोहिमेला नाव दिले आसामच्या एकशिंगी गेंड्याचे. तिथली लढाई डोंगरी किल्ल्यांवरच्या लढाईसारखी नसते. चहाचे मळे, बांबूची बने, ब्रह्मपुत्रेच्या पात्रातली बेटे, पावसाळ्यात बदलणाऱ्या वाटा, आणि गावकऱ्यांमध्ये मिसळून राहिलेला शस्त्रधारी. शत्रू कोण हे कपड्यावरून कळत नाही. एक चुकीची गोळी सगळ्या गावाला विरोधात नेऊ शकते. त्यामुळे अशा मोहिमेत माहिती मिळवणे, दिवसेंदिवस दबा धरून बसणे आणि योग्य क्षणीच, योग्य माणसावरच कारवाई करणे याला नेमबाजीपेक्षा जास्त महत्त्व असते. या मोहिमेतल्या शौर्यासाठी २००३ मध्ये महाडिक यांना सेना मेडल मिळाले. तेव्हा त्यांचे वय अवघे सव्वीस होते.

पुढच्या दशकात ते एकेक पायरी चढत गेले. लष्करात मेजर आणि लेफ्टनंट कर्नल हे हुद्दे ठरावीक सेवेनंतर मिळतात, कर्नलचा मात्र नाही. त्यासाठी निवड मंडळ अधिकाऱ्याची सगळी कारकीर्द तपासते, आणि अनेक चांगले अधिकारी तिथेच थांबतात. कर्नल झालेल्या अधिकाऱ्याला बटालियनची कमान मिळते. लष्करी आयुष्यात याहून मोठे पदही असते, पण याहून जवळचे पद नसते, असे जुने अधिकारी मानतात. बटालियनमध्ये कमांडिंग ऑफिसरला, म्हणजे सीओ साहेबाला, आपली माणसे ओळखीची असतात, कोणाच्या घरी काय चालले आहे हेही माहीत असते. ब्रिगेडियर झाल्यावर हे सुटत जाते.

महाडिक यांना मिळाली ४१ राष्ट्रीय रायफल्स. राष्ट्रीय रायफल्स हे दल १९९० मध्ये उभे राहिले. काश्मीर आणि पंजाबमधल्या अंतर्गत सुरक्षेच्या कामात नियमित पलटणी अडकून पडू लागल्या, तेव्हा त्या कामासाठी वेगळे सैन्य हवे असे ठरले. या दलाची रचना वेगळी आहे. त्यात कायमची भरती नसते. सगळे सैनिक आपापल्या मूळ रेजिमेंटमधून दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि परत जातात. निम्मे पायदळाचे, उरलेले तोफखाना, सिग्नल, अभियंते अशा इतर शाखांचे. प्रत्येक बटालियन एखाद्या पायदळ रेजिमेंटशी जोडलेली असते. ४१ राष्ट्रीय रायफल्स मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. मराठा मुळाच्या कमांडो पलटणीतला पोगरवाडीचा अधिकारी कुपवाड्यात मराठी जवानांच्या बटालियनचा सीओ झाला. तोवर या पट्ट्यातले जवान बहुधा इतर कोणाच्या हुकमाखाली लढत आले होते. इथे हुकूम देणारा त्यांच्यापैकीच एक होता. सैनिक स्कूलच्या कल्पनेतून जे साधायचे होते, ते इथे पूर्णपणे साधले.

कुपवाडा हा काश्मीर खोऱ्याचा वायव्य टोकाचा जिल्हा. लोलाबसारखी सुंदर खोरी, देवदार आणि फरची दाट जंगले, वर शमसाबरीची डोंगररांग आणि तिच्यापलीकडे नियंत्रण रेषा. १९९० पासून पलीकडून येणाऱ्या अतिरेक्यांच्या मुख्य वाटा या जिल्ह्यातून गेल्या आहेत. त्यांना अडवण्यासाठी थर रचलेले असतात. पहिला थर नियंत्रण रेषेवरच्या चौक्यांचा. त्यामागे तारेचे कुंपण. ते २००४ पर्यंत बांधून झाले, पण दर हिवाळ्यात बर्फाखाली दबून त्याचा काही भाग मोडतो आणि दर उन्हाळ्यात पुन्हा उभा करावा लागतो. त्यातूनही जे निसटतात ते जंगलात शिरतात, आणि तिथून राष्ट्रीय रायफल्सचे काम सुरू होते. डिसेंबरात खिंडी बर्फाने बंद होतात. त्यामुळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे घुसखोरीचे घाईचे महिने. त्या दिवसांत कुपवाड्यातल्या बटालियनला उसंत नसते.

अतिरेक्यांशी लढणे हा या कामाचा एक भाग. दुसरा भाग लोकांशी नाते जोडण्याचा. ‘सद्भावना’ या नावाने लष्कर खोऱ्यात शाळा चालवते, आरोग्य शिबिरे घेते, तरुणांसाठी खेळ आणि प्रशिक्षण ठेवते. यात सीओचा स्वभाव निर्णायक ठरतो. तो मनापासून लोकांत मिसळला तर गाव बोलते, नाही तर शिबिर फक्त कागदावर राहते. महाडिक यांनी स्थानिक तरुणांशी संबंध जोडले होते, त्यांना चांगल्या वाटेला लावण्यासाठी ते धडपडत होते. त्यांच्या निधनानंतर कुपवाड्यातल्या लोकांनी त्यांच्याबद्दल हळहळ व्यक्त केली. गणवेशातल्या माणसाबद्दल त्या भागात अशी हळहळ उघडपणे व्यक्त होणे सोपे नसते, म्हणून तिचे मोल अधिक.

नोव्हेंबर २०१५ च्या दुसऱ्या आठवड्यात कुपवाड्यातल्या मनिगाह आणि हाजी नाका परिसरातल्या जंगलात घुसखोरांशी चकमक झडली. अतिरेकी दाट झाडीत आत सरकले आणि मोठी शोधमोहीम सुरू झाली. अशा जंगलातले शोधकाम हे सगळ्यांत धोक्याचे. चार पावलांपलीकडचे दिसत नाही. लपलेला माणूस स्थिर असतो, शोधणारा हालचाल करतो. म्हणजे पहिली गोळी जवळजवळ नेहमीच लपलेल्याची. दिवस लहान, थंडी कडाक्याची, जमीन उताराची आणि ओली. घेरा सैल पडला की माणूस निसटतो. घट्ट करायचा तर जवळ जावे लागते. १७ नोव्हेंबर रोजी महाडिक स्वतः तुकडीच्या पुढे होते. अगदी जवळून झालेल्या गोळीबारात ते गंभीर जखमी झाले. द्रुगमुल्ला येथील लष्करी रुग्णालयात त्यांना हलवण्यात आले, पण त्यांचे प्राण वाचले नाहीत. वय होते अडतीस.

बटालियनचा प्रमुख इतका पुढे कशासाठी, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला. त्याच वर्षी २७ जानेवारीला त्राल येथे ४२ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ कर्नल एम. एन. राय चकमकीत धारातीर्थी पडले होते. त्यांना युद्ध सेवा मेडल जाहीर झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. एका वर्षात दोन सीओ गमावणे ही लष्कराला परवडणारी गोष्ट नव्हे. एक कर्नल घडवायला पंधरा-सतरा वर्षे लागतात, आणि तो गेला की आठशे-हजार माणसांचा प्रमुख जातो.

तरीही या प्रश्नाचे उत्तर केवळ धाडसात शोधले तर ते चुकेल. समोरासमोरच्या मोठ्या युद्धात सीओची जागा मागे, नकाशा आणि वायरलेस सेटजवळ असते, कारण त्याला तीन-चार कंपन्या एकाच वेळी हलवायच्या असतात. काश्मीरच्या जंगलातली लढाई दहा-पंधरा माणसांची असते. कोणत्या ओढ्यातून वर जायचे, घेरा कुठे आवळायचा, अंधार पडण्याआधी आत शिरायचे की रात्रभर वाट पाहायची, हे निर्णय त्या ओढ्यापाशी उभे राहूनच घेता येतात. बातमी कोणाकडून आली आणि ती किती खरी, हे बहुधा सीओलाच ठाऊक असते. शिवाय राष्ट्रीय रायफल्समध्ये माणसे वेगवेगळ्या पलटणींतून आलेली असतात. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या पलटणीतला आपसूक विश्वास तिथे नसतो. तो कोणाला तरी आपल्या वागण्यातून निर्माण करावा लागतो. स्पेशल फोर्सेसमध्ये वाढलेल्या अधिकाऱ्याला तर दुसरी पद्धत माहीतच नसते. पुढे राहणे हे महाडिक यांच्या दृष्टीने कामाचाच भाग होते. लष्करानेही ही रीत सोडली नाही. मे २०२० मध्ये याच कुपवाडा जिल्ह्यात, हंदवाडा येथे २१ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ कर्नल आशुतोष शर्मा आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कोकरनाग येथे १९ राष्ट्रीय रायफल्सचे सीओ कर्नल मनप्रीत सिंग असेच पुढे राहून लढताना गेले.

महाडिक यांचे पार्थिव पोगरवाडीला आणण्यात आले. १९ नोव्हेंबर रोजी लष्करी इतमामात त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. सातारा जिल्ह्यातून आणि बाहेरून आलेल्या माणसांनी गावाच्या वाटा भरून गेल्या होत्या. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर उपस्थित होते. अशा अंत्यसंस्कारात तिरंगा घडी घालून घरच्यांच्या हाती दिला जातो, जवान बंदुका उलट्या धरून मान खाली घालतात, हवेत फैरी झडतात आणि बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते. सातारा-सांगलीच्या गावांना हे सूर परके नाहीत.

जानेवारी २०१६ मध्ये, प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने, त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. या सन्मानाबद्दल वाचकांच्या मनात अनेकदा गोंधळ असतो. भारताचे शौर्य सन्मान दोन मालिकांत आहेत. शत्रुसैन्यासमोरच्या पराक्रमासाठी परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र. त्याव्यतिरिक्तच्या प्रसंगांतील पराक्रमासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्यचक्र. दुसरी मालिका १९५२ मध्ये ‘अशोक चक्र’ वर्ग एक, दोन आणि तीन अशा नावांनी सुरू झाली आणि १९६७ मध्ये तिला आजची नावे मिळाली. अतिरेक्यांविरुद्धची कारवाई हे घोषित युद्ध नसल्याने तिथला पराक्रम दुसऱ्या मालिकेत मोजला जातो; म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. नागरिक आणि पोलीसही या मालिकेतल्या सन्मानास पात्र असतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात अजमल कसाबची बंदूक धरून ठेवणारे सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांना याच मालिकेतले सर्वोच्च अशोक चक्र मरणोत्तर मिळाले. ओंबळे पोलिसात येण्याआधी लष्करात होते, आणि त्यांचे गाव केडंबे. जावळी तालुका, सातारा जिल्हा. शौर्यचक्राचे पदक कांस्य धातूचे, गोल असते. त्याची हिरवी फीत तीन उभ्या रेघांनी विभागलेली असते. महाडिक यांना आधी मिळालेले सेना मेडल मात्र केवळ लष्करी सन्मान आहे. ते १९६० पासून दिले जाते.

वीरपत्नी हा शब्द वर्तमानपत्रांत सहज वापरला जातो आणि बहुतेक वेळा त्याची गोष्ट तिरंग्याच्या घडीपाशी संपवली जाते. स्वाती महाडिक यांनी तसे होऊ दिले नाही. पतीच्या निधनानंतर काही दिवसांतच त्यांनी लष्करात जाण्याचा निर्णय बोलून दाखवला. दोन मुलांची आई, वय पस्तिशीच्या पुढे. नियमाप्रमाणे वयाची अट आड येत होती. तत्कालीन लष्करप्रमुख जनरल दलबीर सिंग सुहाग यांनी शिफारस केली आणि संरक्षण मंत्रालयाने वयात सवलत दिली. सवलत तेवढ्यापुरतीच होती. सेवा निवड मंडळाची मुलाखत, वैद्यकीय तपासणी आणि प्रशिक्षण यांत कोणतीही सूट नव्हती.

ऑक्टोबर २०१६ मध्ये त्या चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत दाखल झाल्या. महिलांना लष्करात अल्पमुदतीच्या कमिशनवर अधिकारी म्हणून घेण्यास १९९२ मध्ये सुरुवात झाली आणि तेव्हा त्यांचे प्रशिक्षण याच अकादमीत होत असे. सुमारे अकरा महिन्यांचा हा अभ्यासक्रम विशी-बाविशीतल्या मुलामुलींना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो. धावणे, दोरावरून चढणे, वजन घेऊन लांबची चाल, नेमबाजी, रात्रीचा नकाशा. वयाने कितीतरी लहान सहकाऱ्यांबरोबर त्यांनी तो पूर्ण केला. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या. त्याच दिवशी त्यांच्याबरोबर निधी दुबे यांनाही कमिशन मिळाले. त्यांचे पतीही लष्करात, नाईक पदावर होते. लेफ्टनंट स्वाती महाडिक यांची नेमणूक आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये झाली. जवानाच्या अंगावरच्या गणवेशापासून त्याच्या बंदुकीतल्या काडतुसापर्यंत सगळे वेळेवर पोहोचवणे हे या शाखेचे काम. कुपवाड्याच्या जंगलात शिरणारी तुकडी तिच्याच भरवशावर शिरते.

२०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून देशातल्या सगळ्या सैनिक स्कूलमध्ये मुलींना प्रवेश खुला झाला. महाडिक ज्या साताऱ्याच्या शाळेत घडले, तिथे सहावीच्या वर्गासाठी आता मुलीही परीक्षा देतात.